स्लेट फरशी: जुळे सोलापुरातल्या एका घराच्या हॉल आणि पडवीच्या कामाच्या नोंदी

४ डिसेंबर

हॉल १६ × १२ फूट, पडवी १६ × ५ फूट. मिळून २७२ चौरस फूट, म्हणजे सुमारे २५.३ चौरस मीटर. सध्या दोन्हीकडे जुनी शहाबादी आहे. भिंतीलगतच्या ओळी पोकळ वाजतात, दर्जांतून (दगडांमधल्या सांध्यांतून) पांढरे क्षार वर आलेत.

सोलापुरात दगडी फरशी म्हटली की शहाबादीच. शहाबाद कलबुर्गीच्या पलीकडे, रेल्वेच्या वाटेवरच. दगड स्वस्त, जाड, आणि इथल्या प्रत्येक गवंड्याच्या हातात बसलेला. तेव्हा स्लेट आणायची तर तसं कारण हवं. इथे दोन कारणं आहेत. शहाबादी ही चुनखडी. लिंबू, चिंच, देवघरातलं दही सांडलं की पांढरट डाग पडतो आणि तो घासून जात नाही, कारण तो डाग नसून दगडच खाल्लेला असतो. चांगल्या स्लेटमध्ये चुना नगण्य असतो, म्हणून ती टिकते. दुसरं म्हणजे पडवीत पावसाचे शिंतोडे येतात, आणि थराथराने फोडलेल्या स्लेटचा खडबडीत पृष्ठभाग ओला असला तरी पाय धरतो.

अंगणात मात्र शहाबादीच ठेवायची. काळपट स्लेट उघड्या उन्हात टाकली तर मे महिन्यात दुपारी अनवाणी पाय ठेवता येणार नाही.

६ डिसेंबर

बाजारात ‘काळी स्लेट’ या एका नावाखाली तीन वेगळे दगड दाखवले गेले. प्रत्येकाचे दोन-दोन तुकडे आणून त्यांवर क, ख, ग अशी खूण केली.

क चा पृष्ठभाग चामड्यासारखा, दिसायला देखणा. कडेवर पातळ केलेल्या अ‍ॅसिडचा एक थेंब टाकला तर लगेच फेस आला. म्हणजे हा कडप्पा, चुनखडीच, फक्त ब्रश मारून खडबडीत केलेली. दगड वाईट नाही, पण शहाबादी काढून पुन्हा चुनखडीच घालायची तर खर्च कशाला? ही चाचणी दुकानातच करायला हवी. अ‍ॅसिड जवळ नसेल तर लिंबू कापून फोड पंधरा मिनिटं दगडावर पालथी ठेवावी. चुनखडीवर गोल पांढरट ठसा उमटतो.

ख खरी स्लेट, फेस नाही. पण कडेवर पाण्याचा थेंब सोडला तर तो थरांच्या रेघांतून केसासारखा आत पळाला. तुकडा दोन बोटांवर तोलून किल्लीने वाजवला तर आवाज बद्द. थर सुटत आलेला दगड हाच. घालताना काही कळत नाही. वर्षभराने खुर्ची सरकते तिथे पापुद्रा निघतो आणि मग पापुद्र्यामागे पापुद्रा.

ग हिरवट करडी, आंध्रातल्या मार्कापूरची. शाळेच्या पाट्यांचा दगड जिथून येई तेच गाव. आवाज खणखणीत, कडेवरचा थेंब जागच्या जागी. एकच शंका: पृष्ठभागावर मोहरीएवढे पितळी ठिपके आहेत. हे लोह आणि गंधकाचं खनिज असतं. काही दगडांत ते वर्षानुवर्षं तसंच राहतं, काहींत पाणी लागलं की गंजून तपकिरी ओघळ सोडतं. नुसतं पाहून सांगता येत नाही. तुकडा रात्रभर पाण्यात, दिवसभर उन्हात असा तीन दिवस ठेवायचा.

९ डिसेंबर

ग चे ठिपके तसेच आहेत, ओघळ नाही. ग पक्की.

माप ३०० × ३०० मिमी. दर्ज ८ मिमी धरला तर एका दगडाची जागा ३०८ मिमी. हॉलमध्ये १२ × १६ म्हणजे १९२ नग आणि पडवीत ५ × १६ म्हणजे ८०. एकूण २७२. आकडा चौरस फुटांशी जुळतो तो योगायोग, म्हणून ओळी मोजूनच हिशोब करावा. फोडीच्या स्लेटला १५ टक्के जास्त लागते (व्हिट्रिफाइड टाइल्सचे ५-७ टक्के इथे पुरत नाहीत). मागणी ३२० नगांची. वजन ९०० किलोच्या वर भरेल, म्हणून टेम्पोवाल्याला आधीच सांगितलं आहे: दगड उभे, कडेवर, मध्ये गवत. आडवे रचले तर खालचे थर वरच्या ओझ्याने आणि खड्ड्यांनी तडकतात.

११ डिसेंबर

जुनी फरशी काढली. खाली वाळू-चुन्याचा पातळ थर आणि त्याखाली थेट काळी माती. क्षार कुठून येत होते ते कळलं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. फरशी हलते, दर्ज उघडतो, आणि खालची ओल क्षार घेऊन वर चढते. यावर नुसती नवी फरशी टाकली असती तर दोन पावसाळ्यांत तेच झालं असतं, दगड कोणताही असो.

खोदाईचा हिशोब वरून खाली: दगड १२ मिमी, अ‍ॅडहेसिव्ह ६, वरचा कोबा २५, पीसीसी (लोखंडाविना साधं काँक्रीट) ७५, मुरूम १००. बेरीज २१८ मिमी. म्हणून ९ इंच खोदलं. तयार फरशीची पातळी जुन्या फरशीएवढीच ठेवायची, म्हणजे दारं कापावी लागणार नाहीत.

१५ डिसेंबर

मुरूम दोन थरांत टाकला. प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस. एकाच वेळी चार इंच टाकून वरून कुटलं तर वरचा इंचभर घट्ट होतो, खालचा भुसभुशीतच राहतो. टाच जोरात मारून ठसा उमटला तर पुन्हा कुटायचं. पडवीच्या एका कोपऱ्यात जुन्या नळाचा चर निघाला. तिथली माती हाताने उपसून मुरूम भरला.

मुरुमावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. जोडावर सहा इंच एकावर एक, भिंतीला चार इंच वर वळवलेला. बिगाऱ्यांनी त्यावर घमेली ओढू नयेत म्हणून फळ्या टाकल्या.

१८ डिसेंबर

पीसीसी १:३:६ (सिमेंट, वाळू, खडी), जाडी ३ इंच. लागलं: सिमेंट साडेआठ पोती, वाळू ३१ घनफूट, खडी ६२ घनफूट. वाळू-खडी ब्रासवर (१०० घनफूट) येते, म्हणून पाऊण ब्रास खडी आणि पाऊण ब्रास वाळू मागवली. वाळूत वरच्या कोब्याचे २४ घनफूटही येतात.

पाणी महापालिकेच्या नळाचं, टाकीत साठवलेलं. आवारातल्या बोअरचं पाणी जड आहे, बादलीच्या कडेला पांढरं कडं धरतं. एवढ्या क्षारांनी काँक्रीटची ताकद बिघडतेच असं नाही, पण पाणी उडून गेल्यावर ते क्षार कुठेतरी बाहेर येणारच, आणि काळपट दगडाच्या दर्जात ते आधी दिसणार. त्यामुळे नळाला पाणी येण्याच्या दिवसावर कामाचे दिवस ठरवले.

उंबऱ्याच्या रेषेवर हॉल आणि पडवीचं पीसीसी वेगळं तोडलं, मध्ये थर्माकोलची पट्टी. पडवी वेगळ्या पायावर आहे, ती वेगळी हलणार.

२२ डिसेंबर

वरचा कोबा १:४, २५ मिमी. सिमेंट पाच पोती. पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांत पातळी घेऊन फरशीचे तुकडे ठिपक्यांसारखे बसवले, दोरा बांधला आणि सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने ओढला. पडवीला बाहेरच्या बाजूला उतार: ५ फुटांत पाऊण इंच, म्हणजे सहा सूत. गवंडी दोन सुतांवर थांबत होता. खडबडीत स्लेटवर तेवढ्याने पाणी खाचांतच बसून राहतं.

पृष्ठभाग रंद्याने घासलेला ठेवला, घोटला नाही. आरशासारखा घोटलेला कोबा दिसायला छान असतो, पण त्याला अ‍ॅडहेसिव्ह धरत नाही.

ओल ठेवण्यासाठी गोणपाट आणि दोन फाटक्या सोलापुरी चादरी. चादरी सरस ठरल्या. संध्याकाळी गोणपाट कोरडं झालं होतं, चादरी ओल्याच.

२७ डिसेंबर

दगड आले. दिवसभर फक्त निवड. या कामात सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच, आणि गवंड्याच्या मजुरीत तो कधीच धरलेला नसतो. वेगळा पैसा ठरवून घ्यावा, नाहीतर दगड पेटीतून थेट मसाल्यावर जातात.

प्रत्येक नग किल्लीने वाजवला, चारही कडा पाहिल्या, कॅलिपरने दोन कोपऱ्यांत जाडी घेतली. ३२० पैकी २४ बाद: ६ वाहतुकीत फुटले, ११ चे थर सुटलेले, ४ वर पितळी ठिपक्यांऐवजी आधीच गंजलेले डाग, ३ पिळलेले. उरले २९६. त्यांचे तीन ढीग: ८ ते १० मिमी ८८ नग, १० ते १२ मिमी १३५ नग, १२ ते १५ मिमी ७३ नग.

ढीग का, तर ८ मिमीच्या शेजारी १५ मिमी आला की खालचा मसाला ७ मिमीने कमी-जास्त करावा लागतो. जिथे मसाला जाड तिथे तो सुकताना जास्त बसतो आणि दगड खाली ओढतो. आज पातळीत दिसलेली फरशी आठवड्याने ठेच लागणारी होते.

वाटणी: पडवीत जाड ढीग पूर्ण आणि मधले ७. हॉलमध्ये पातळ ८८ आणि मधले १०४. पातळ दगड कोचाच्या भिंतीकडून, सात ओळी पुऱ्या आणि आठवीत चार. मधले दारातून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या वाटेवर. मधल्या ढिगातले २४ शिल्लक, ते स्कर्टिंग (भिंतीच्या पायाची पट्टी), तुटफूट आणि राखीव.

२९ डिसेंबर

दगडांच्या पाठी काथ्याच्या ब्रशने धुतल्या आणि भिंतीला टेकवून वाळवल्या. पाठीवर बोट फिरवलं की राखाडी पीठ लागतं. अ‍ॅडहेसिव्ह त्या पिठाला चिकटतं, दगडाला नाही. पोकळ वाजणाऱ्या स्लेटचं हे पहिलं कारण, आणि दोष मात्र अ‍ॅडहेसिव्हच्या पिशवीला जातो.

२ जानेवारी

मसाल्याशिवाय कोरडी मांडणी. भिंती गुण्यात (काटकोनात) नाहीत, १६ फुटांत अर्ध्या इंचाचा फरक. म्हणून भिंतीवरून सुरुवात न करता उंबऱ्याच्या मध्यावरून दोन दोरे काटकोनात मारले. ३-४-५ च्या हिशोबाने, फुटांत ६-८-१० मोजून. भिंतीलगत सगळीकडे ८ ते १० मिमी मोकळं सोडायचं, ते स्कर्टिंगखाली झाकलं जाईल. तिथे मसाला भरायचा नाही.

रंग: तीन पेट्या एकदम उघडून आळीपाळीने दगड उचलायचे. एका पेटीत हिरवट, दुसरीत करडे जास्त. पेटीमागून पेटी घातली तर फरशीवर पट्टे दिसतात.

४ जानेवारी

बसवायला सुरुवात. अ‍ॅडहेसिव्ह पॉलिमरवालं, पिशवीवर नैसर्गिक दगडासाठी असल्याचा उल्लेख आणि जाडी १२ मिमीपर्यंत चालेल असं लिहिलेलं. हिशोब: चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे साधारण दीड किलो. २५.३ × ६ × १.५ म्हणजे २२८ किलो. २० किलोच्या १३ पिशव्या आणल्या.

आधी पाणी, मग पावडर. ढवळून पाच-सात मिनिटं सोडायचं आणि पुन्हा ढवळायचं. कोबा ओल्या फडक्याने पुसायचा, पाणी साचू द्यायचं नाही. १० मिमी दात्यांची थापी एकाच दिशेने फिरवायची आणि दगडाच्या पाठीवरही पातळ लेप द्यायचा. स्लेटची पाठ उंचसखल असते. लेप दिला नाही तर खळग्यांत हवा राहते.

दगड ठेवून दात्यांच्या आडव्या दिशेने थोडा सरकवायचा, मग रबरी हातोडी. लोखंडी हातोडीच्या मुठीने ठोकायची गवंड्याची सवय मोडावी लागली. कोपऱ्याचा पापुद्रा निघतो.

लेव्हलिंग क्लिप आणल्या होत्या, उपयोग झाला नाही. क्लिप दोन सपाट कडा एकमेकींना जुळवते, आणि इथे कडाच सपाट नाही. दोरा आणि हाताचा तळवा बरा. शेजारच्या दगडांत दोन मिलिमीटरपर्यंत फरक चालवायचा, आणि चालण्याच्या दिशेने समोरची कड वर असता कामा नये.

दर वीस दगडांमागे एक उचलून पाहिला. पाठ पूर्ण माखलेली हवी. दुसऱ्या तपासणीत एक कोपरा कोरा निघाला, लेप द्यायचा राहिला होता.

६ जानेवारी

हॉल पूर्ण, पडवीच्या दोन ओळी झाल्या. कापणीत ५ दगड गेले. कटरला डायमंड पातं, सतत पाणी, नाकाला एन-९५. कोरडं कापलं तर जी धूळ उडते ती फुप्फुसात बसते, आणि पातं तापून थरही सोडवतं. आधी वरच्या बाजूने एक सूत खोल रेघ, मग पूर्ण काप. कड लगेच कार्बोरंडमच्या विटेने मोडायची.

दगडावर सांडलेलं अ‍ॅडहेसिव्ह लगेच ओल्या फडक्याने. एका दगडावरचा गोळा जेवणाच्या सुट्टीत राहून गेला. वाळल्यावर लाकडी पट्टीने खरवडला तर त्याच्यासोबत पापुद्रा आला.

८ जानेवारी

सगळं बसवून झालं. ठोकून पाहिलं, पडवीतले ३ पोकळ. तिन्ही कालच्या दुपारचे, एका ओळीतले. उन्हाची तिरीप पडवीत येते तिथे मसाला पसरून ठेवला आणि त्यावर साय धरली. बोट लावून पाहिलं असतं तर कळलं असतं: बोटाला लागलं तर ठीक, कोरडं राहिलं तर खरवडून टाकायचं. त्याऐवजी त्यावर पाण्याचा शिपका मारला गेला, ते आणखी वाईट. तिन्ही उचलले, खालचा मसाला छिन्नीने काढला, सकाळी आठला पुन्हा बसवले. अ‍ॅडहेसिव्ह १२ पिशव्या आणि तेराव्यातलं थोडं लागलं.

९ जानेवारी

दर्ज भरण्याआधी सीलरचा एक पातळ हात फक्त वरच्या पृष्ठभागावर, दर्जात उतरू न देता. कारण खडबडीत स्लेटच्या खाचांत ग्राउट (दर्जात भरायचा मसाला) शिरलं की तो करडा पडदा कायमचा. हा हात नसेल तर मग गवंडी शेवटचा उपाय काढतो, अ‍ॅसिड. अ‍ॅसिडने ग्राउट खाल्लं जातं आणि दगडातलं लोह गंजून वर येतं. या घरात अ‍ॅसिडची बाटली आणायचीच नाही असं ठरलं.

११ जानेवारी

आज दर्ज संपवणं भाग होतं. उद्यापासून सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेमुळे गवंडी नाही, बिगारी नाही.

ग्राउट वाळू मिसळलेलं सिमेंटचं, करडं. काळं नको. काळ्यातला रंग उन्हाने उतरतो आणि क्षाराची जरा रेघ आली तरी उठून दिसते. ३०० मिमीचा दगड, ८ मिमी दर्ज, ११ मिमी खोली धरून चौरस मीटरला सुमारे ९४० ग्रॅम, एकूण २४ किलो. खाचांत वाया जातं म्हणून ३० आणलं, २८ लागलं.

एका वेळी दहा-बारा चौरस फूटच. रबरी थापी तिरकी, दर्जाला कर्णरेषेत. वीसेक मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसायचं आणि पाणी दर दोन वेळा बदलायचं. ओला स्पंज फिरवला की सिमेंट धुऊन जातं आणि दर्ज पांढुरका, भुसभुशीत होतो. हॉलच्या एका कोपऱ्यात तसा झालेला दिसतो.

१७ जानेवारी

यात्रेनंतर काम सुरू. भुसभुशीत कोपऱ्यातला दर्ज नखाने उकरतो. सुमारे चार फूट लांबी पटाशीने खरवडून पुन्हा भरली. बाकी दर्ज पक्के.

स्कर्टिंग ४ इंची. घेर ५६ फूट, दारं वजा जाता ४९ फूट, म्हणजे ४९ पट्ट्या. बाद केलेल्या २४ पैकी १२ दगडांतून प्रत्येकी दोन चांगल्या पट्ट्या निघाल्या, उरलेल्या २५ साठी ९ चांगले दगड. राखीव १० शिल्लक. पाठीवर तारीख आणि खाणीचं गाव लिहून माळ्यावर ठेवले, उभे.

स्कर्टिंगचा खालचा दर्ज सिमेंटने नाही, सिलिकॉनने भरला. उंबऱ्याच्या तोडीवरही तसंच.

२ फेब्रुवारी

ओल तपासणी. दोन फुटी प्लास्टिकचे चौकोन चारही बाजूंनी टेप लावून तीन जागी २४ तास. हॉल कोरडा. पडवीच्या बाहेरच्या कडेला आत दव. सीलर आठ दिवस पुढे ढकलला. ओल कोंडून वर सीलर मारला तर तो पांढरा पडतो.

११ फेब्रुवारी

सीलर, आत मुरणारा. वर फिल्म धरणारा नाही. चकाकी देणारं लॅकर इथे तीन महिन्यांत पायवाटेवर सोलतं. जवसाचं तेल स्वस्तात रंग गडद करतं, पण चिकट राहतं आणि सोलापूरची धूळ त्यावर बसून काळा थर होतो.

सकाळी सातला सुरुवात, कापडाने दोन हात. दहा मिनिटांनी जे मुरलं नाही ते पुसून घ्यायचं. कोचाच्या कोपऱ्यात पुसायचं राहिलं, तिथे चिकट डाग झाला. त्याच सीलरने ओला करून लगेच पुसला, निघाला. पहिल्या हातासकट साडेचार लिटर लागला.

२४ मे

पारा ४२ च्या पुढे. हॉल दुपारी अनवाणी चालण्याजोगा गार. पडवीत बाहेरच्या दोन ओळींवर चार वाजेपर्यंत ऊन येतं, तिथे पाय भाजतो. वाळ्याचा पडदा लावला.

१९ जून

पहिला जोराचा पाऊस, चाळीस मिनिटं. पडवीतलं पाणी सहा सुतांच्या उताराने निघून गेलं, फक्त एका खोलगट दगडावर ताटलीभर थांबलं. उंबऱ्याचं सिलिकॉन अखंड. भिंतीकडच्या दर्जांत क्षार नाहीत. गंजाचा एक ओघळ: पडवीच्या तिसऱ्या ओळीत, डावीकडून पाचवा दगड, नाण्याएवढा. ओघळ वाढला तर राखीव दहांतला एक वापरायचा.